गढूळ तळ्यातला गाळ गेला कुठं?

१

सोमवारी सकाळी खाणीचा भोंगा वाजायच्या आधीच मासेवालीचा आवाज वाजला. ती फाटकातून तरातरा आत आली, थेट मुकादमाच्या खोलीत शिरली आणि हातातली पाटी तिने त्याच्या टेबलावर उपडी केली. पाटीत माशांची पिल्लं होती. बोटाच्या पेराएवढी, शेकड्यांनी, आणि एकूण एक मेलेली.

"मोजा!" ती म्हणाली. "काल एक दिवस बहिणीकडे काय गेले, माझे सहाच्या सहा पिंजरे चिखलाने लिंपून ठेवलेत. ओढा बघा जाऊन. पाणी नाही, काढा वाहतोय!"

ओढ्यात जाळीचे पिंजरे टाकून ती मासे वाढवायची. वर खडीची खाण, खाली हिचे पिंजरे. पण आजवर तक्रार नव्हती, कारण खाणीचं पाणी ओढ्यात जातच नव्हतं. खड्ड्यात झिरपलेलं पाणी पंप उपसायचा आणि गढूळ तळ्यात सोडायचा. खडी धुतलेलं पाणीही तिथेच यायचं. गाळ तळाशी बसायचा, वरचं पाणी पलीकडच्या निवळ तळ्यात जायचं आणि तेच पुन्हा खडी धुवायला. घरातली शहाणी बाई धुणं धुतलेलं पाणी फरशीला वापरते, तसाच हिशेब.

नेमकी त्याच दिवशी पाणीखात्याची तपासनीस बाई वर्षाच्या तपासणीला आली होती. तरुण होती, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात नकाशाची गुंडाळी. ती, मुकादम आणि मासेवाली ओढ्याकडे जाणाऱ्या चरापाशी गेली. चरात गाळाचा जाड थर होता, आणि त्या थरावर सापासारखा पसरलेला होता खड्ड्यातल्या पंपाचा पाइप. तळ्यात असायचा तो तोंड चरात घालून पडलेला.

"पंप कुणाकडे असतो?" तपासनीस बाईने विचारलं.

मुकादमाने मान खाली घातली, जणू सांगताना त्याला फार यातना होत होत्या. "पंपवाल्याकडे, बाई. चांगला माणूस आहे हो. पण आळसाला काय करणार? तळ्यापर्यंत पाइप ओढायचा कंटाळा केला असेल."

"बारा वाजता मी अहवाल लिहून सही करणार," ती म्हणाली. "पंपवाल्याचं नाव त्यात जाईल. त्याचा परवाना रद्द होईल."

परवाना गेला की नोकरी गेली. नोकरी गेली की खाणीतली खोली गेली. पंपवाल्याची बायको हे ऐकून पदर खोचून धावली ती थेट आईकडे.

२

तिची आई म्हणजे आत्या. कुणाची आत्या हे कुणी विचारत नसे. मालकापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे. तीस वर्षं ती चाळणीवर खडी धूत उभी राहिली होती. नवऱ्याने ही दोन्ही तळी बांधली तेव्हा दोराचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं. शाळेत ती जेमतेम दोन वर्षं गेली. आकडे येत, अक्षरांशी मात्र तिचं कधी पटलं नाही.

लेकीने रडत रडत सगळं सांगितलं. आत्या निवडत होती ती डाळ बाजूला ठेवून म्हणाली, "आधी नाक पूस. रडून पाइप सरकतो का जागचा?"

जावई दारात उभा होता. चेहरा पार उतरलेला.

"जावईबापू, खरं सांगा. पाइप तुम्ही हलवलात?"

"नाही हो आत्या. शनिवारी दुपारी पंप बंद केला तेव्हा पाइप तळ्यातच होता. काल सुट्टी, मी घरीच. हे दार बसवत होतो."

"ते मला ठाऊक आहे. दिवसभर ठोकाठोक करून माझं डोकं उठवलंत. पण सासूची साक्ष कोण धरतंय? मी म्हटलं तर जग म्हणेल, म्हातारी जावयाला पाठीशी घालते." ती उठली. "काठी खोचली होतीत ना?"

जावयाचे डोळे चमकले. पंप बंद केला की पाण्याच्या कडेला, टोक पाण्याच्या पातळीला येईल अशी एक काठी खोचायची, ही सासऱ्याने घालून दिलेली रीत तो सहा वर्षं पाळत होता. पुन्हा पंप सुरू करताना किती पाणी चढलं ते तिच्यावरून कळतं.

दोघं खड्ड्यात उतरली. तपासनीस बाईही मागोमाग आली. म्हातारी कुठे चालली याचं तिला कुतूहल वाटलं असावं. मुकादम वरूनच म्हणाला, "आत्या, घसराल! या वयात कशाला?"

"तू सांभाळ स्वतःला. मी या खड्ड्यात उतरत होते तेव्हा तू पाळण्यात होतास."

काठी दिसत नव्हती. पाण्यात हात घालून जावयाने चाचपली. टोक पाण्याखाली वीतभर होतं, वर आणखी चार बोटं.

"दिवसाला पाऊण वीत पाणी चढतं," आत्या तपासनीस बाईला म्हणाली. "शनिवार दुपार ते आज सकाळ, बरोबर तेवढंच चढलंय. काल पंप चालला असता तर पाणी काठीच्या खाली असतं. पंप चाललाच नाही, तर पाइपातून काय वाहिलं?"

"काठी आज सकाळीही खोचता येते," तपासनीस बाई म्हणाली.

आत्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. पोरीला डोकं आहे, तिच्या मनात आलं.

"बरं. काठी खोटी धरा." ती वर चढून चरापाशी गेली, वाकली, आणि तिथला गाळ चिमटीत घेऊन चोळला. मग खड्ड्यातल्या पाण्याच्या कडेचा चिखल आणून दुसऱ्या हातावर घेतला. "दोन्ही चोळून बघा."

तपासनीस बाईने बोटं चोळली. खड्ड्यातला चिखल करकरला, त्यात रेती होती. चरातला गाळ मात्र लोण्यासारखा पसरला.

"रेती पहिल्यांदा खाली बसते," आत्या म्हणाली. "इतका मऊ गाळ व्हायला पाण्याला महिनोन्‌महिने एका जागी थांबावं लागतं. असा गाळ या खाणीत एकाच ठिकाणी असतो."

आणि तिने गढूळ तळ्याकडे बोट केलं.

३

मुकादम हसला. "आत्या, गढूळ तळ्यात गाळ आहेच कुठे? गेल्याच आठवड्यात मी सगळा उपसून घेतला. बाईंनी आत्ताच काठीने मापलं."

ते खरं होतं. तपासनीस बाईने तळ्यात मापाची काठी उभी केली होती; पाणी उथळच होतं, आणि तळाशी गाळ वीतभरही लागला नव्हता. गाळ दोन हातांच्या वर आला की तो उपसायचा असा नियम. उपसायचं तर दोन दिवस धुलाई बंद, खोदयंत्र तळ्याच्या काठाला अडकून बसायचं, आणि खडीच्या मागण्या तुंबायच्या. त्यामुळे उपशाचं नाव निघालं की मुकादमाच्या कपाळाला आठी पडायची, हे सगळ्या खाणीला माहीत होतं.

"उपसलास? शाबास. धुलाई बंद झालेली कुणाला कळलीसुद्धा नाही," आत्या म्हणाली आणि तळ्याला वळसा घालून मागे निघाली.

मागे गाळ वाळवायचं मैदान होतं. उपसलेला गाळ तिथे पसरायचा, वाळला की खाणीचे जुने खड्डे भरायला न्यायचा. आत्या मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्या गुडघ्यापर्यंत गवत होतं. गवताला फुलंही आलेली.

"दोन-तीनशे पाट्या गाळ," ती स्वतःशीच पुटपुटली. "तळ्यात नाही. मैदानात नाही. एवढा ऐवज गेला कुठं? पंख फुटले का मेल्याला?"

तिथून ती तळ्याच्या कोपऱ्यातल्या हौदाकडे आली. हा हौद म्हणजे तळ्यात उभी असलेली काँक्रीटची चौकोनी पेटी, वर लोखंडी जाळी. पेटीच्या खोबणीत आडव्या फळ्या एकावर एक बसवलेल्या, आणि तळाशी ओढ्याच्या चरात निघणारा नळ. पाऊस फार झाला आणि बांध फुटायची भीती वाटली तर वरची एखाद-दुसरी फळी काढायची. वरचं पातळ पाणी तेवढं निघून जायचं. खालच्या फळ्यांना हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद.

जाळीला कुलूप नव्हतं. ते कधीच नसायचं. जावयाने जाळी सरकवली. आत्याने आत वाकून पाहिलं आणि ती तशीच काठावर बसली.

"आई, चक्कर आली का?" लेक धावली.

"गप्प. पाणी नको. विचार करू दे."

सगळ्यात वरची फळी उन्हाने पांढरी पडलेली असायला हवी होती. ती काळीकुट्ट होती, शेवाळाने बुळबुळीत. आणि तिच्या कडेला मधोमध अर्ध्या चंद्रासारखी कापलेली खाच होती.

ती खाच आत्याच्या नवऱ्याने कापली होती. हौद बांधला तेव्हा नकाशात सांगितल्या तेवढ्या फळ्या आणल्या, पण तळाशी खडकाचा उंचवटा निघाला आणि फळी टेकेना. तेव्हा त्याने आणखी एक जास्तीची फळी घेतली, उंचवट्यावर बसेल अशी तिला खाच पाडली आणि सगळ्यांच्या खाली घातली. त्या दिवसानंतर ती फळी माणसाच्या डोळ्यांना दिसली नव्हती. एकवीस वर्षं चिखलाखाली होती.

आणि आज ती सगळ्यांच्या वर बसून आत्याकडे बघत होती.

खाली, नळाच्या तोंडातून, अजूनही बारीक तपकिरी धार वाहत होती.

४

अकरा वाजून गेले होते. आत्याने जाळी पुन्हा झाकायला लावली आणि जावयाच्या कानात सांगितलं, "कुणाशी अवाक्षर बोलू नका. मी जरा गप्पा मारून येते."

पहिला सापडला काटेवाला. फाटकाजवळच्या वजनकाट्यावर बसून हा भरलेल्या ट्रकांवर खडूने आकडे टाकायचा. महिन्याभरापूर्वी जावयाशी त्याचं वाजलं होतं; पंपाचं पाणी काट्याखाली येतं म्हणून दोघं एकमेकांच्या अंगावर गेले होते. आज तो भलताच खुशीत दिसत होता.

"काय रे, माझ्या जावयाचं वाटोळं होतंय म्हणून दात काढतोस?"

"नाही आत्या, देवाशप्पथ! भांडलो म्हणून काय त्याच्या पोटावर पाय देईन?"

"काल कुठे होतास?"

"सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं. तिथेच रांगेत दिवस गेला. आणि सकाळपासून हा वैताग. माझा निळा मेणखडू सापडत नाही, या पिवळ्याने लिहिलेलं उन्हात दिसत नाही."

"बरं, ते असू दे. हौदाचं दार नवीन करायचंय म्हणतात. सुताराला किती फळ्या सांगू?"

"मला काय विचारता? मी हौदात डोकावलोय का कधी? पाच सांगा."

जावयालाही तिने तेच विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मी वरच्या दोन-तीनच काढल्यात आजवर. खाली चिखल. सहा असतील."

मग ती मुकादमाच्या खोलीत गेली. मासेवाली तिथेच ठाण मांडून बसली होती. भरपाईचा शब्द मिळाल्याशिवाय हलणार नव्हती.

"आत्या, मला वाईट वाटतंय हो," मुकादम म्हणाला. "खोली लगेच रिकामी करा असं मी म्हणणार नाही. चार दिवस घ्या."

"मोठं मन तुझं. बरं, जायच्या आधी घरच्या माणसाचं एक काम करून जाते. हौदाच्या फळ्या कुजल्यात. सुताराला निरोप धाडायचाय. किती सांगू?"

"आठ सांगा," मुकादम कागदातून मान वर न करता म्हणाला. "आणि जरा जाड आण म्हणावं."

"जाड आण म्हणते," आत्या म्हणाली आणि बाहेर पडली. तिच्या चालीत आता घाई नव्हती.

५

बाराला दहा मिनिटं कमी असताना आत्याने सगळ्यांना हौदापाशी बोलावलं. तपासनीस बाईच्या हातात अहवाल तयार होता, फक्त सही बाकी.

"बाई, सही करायच्या आधी या फळ्या काढून बघा," आत्या म्हणाली. "जावईबापू, काढा. आणि नेहमीसारख्या ठेवा."

जावयाने आकडीने पहिली फळी ओढली, ती काळी खाचेची. उलटी करून बांधावर ठेवली आणि तपासनीस बाई पुढे झाली. फळीच्या आतल्या अंगाला निळ्या खडूने आकडा लिहिला होता. ८.

दुसरी फळी पहिलीवर आली. ७. मग ६. मग ५.

"निळा खडू!" मुकादम ओरडला. "काटेवाल्या, हे तुझं काम? याचं आणि पंपवाल्याचं वाकडं आहे, बाई. सगळ्या खाणीला माहीत आहे. ह्यानेच त्याला अडकवलं!"

काटेवाल्याचा चेहरा पांढरा फटक पडला. "मी नाही! माझा खडू शनिवारी... अहो मुकादम, शनिवारी तुम्हीच नेलात ना? ट्रकवर आकडे टाकायचेत म्हणून?"

"मी? कधी?"

"थांबा रे, कोंबड्यांसारखे झुंजू नका," आत्या म्हणाली. "खडू कुणाच्याही हातात जाईल. मी खडूबद्दल बोलतच नाहीये." तिने जावयाच्या रचलेल्या फळ्यांवर हात ठेवला. "हे बघा. आमचा माणूस फळी काढतो ती एकावर एक रचतो. परत घालताना वरची उचलली की ती आपोआप तळाची निघते. त्याला आकडे घालायची गरजच नाही. आकडे कोण घालतो? ज्याने हे काम कधी केलेलं नाही आणि ज्याला सगळं कागदावर मांडायची सवय आहे, तो. त्याने पहिली फळी काढली, लिहिलं एक. शेवटची काढली, लिहिलं आठ. रांगेने मांडून ठेवल्या. आणि परत घालायची वेळ आली तेव्हा शहाण्याने सुरुवात केली एकपासून!"

मासेवालीला हसू फुटलं. "अगं बाई, म्हणजे डोक्यावर उभं केलं सगळं दार!"

"डोक्यावरच. माझ्या नवऱ्याने खाच पाडलेली तळाची फळी वर आली, आणि बिनखाचेची खडकाच्या उंचवट्यावर अधांतरी बसली. म्हणून तर नळातून अजून गाळ गळतोय. पंप दोन दिवस बंद आहे तरी." आत्या मुकादमाकडे वळली. "गाळ तू उपसलाच नव्हतास. मैदानात गुडघाभर गवत आहे, तिथे गाळ पसरला असता तर गवताला फुलं आली असती का? तपासणी तोंडावर आली, खोदयंत्र तुला खडीवरून काढवेना, मग काल सुट्टीच्या दिवशी सगळ्या फळ्या काढून सगळा गाळ ओढ्यात सोडलास. आणि चरात पाइप टाकून हात वर केलेस."

"पुरावा काय?" मुकादमाचा आवाज चिरकला. "फळ्या तुमच्या जावयानेच काढून मुद्दाम उलट्या घातल्या नसतील कशावरून?"

"येईलच म्हटलं हा प्रश्न. मघाशी मी तुला काय विचारलं?"

आत्याने मासेवालीकडे बोट केलं.

"ही मासेवाली समोर बसली होती. सांग गं."

"फळ्या किती म्हणून विचारलंस," मासेवाली म्हणाली. "हा म्हणाला, आठ सांगा. आणि जाड आण म्हणावं."

"मग? आठ आहेतच ना!" मुकादम म्हणाला. "खाणीच्या मुकादमाला एवढं माहीत नसावं? नकाशात लिहिलंय!"

आत्याने नुसतं तपासनीस बाईकडे पाहिलं. तपासनीस बाईने गुंडाळी सोडली, बोट फिरवत हौदापाशी नेलं आणि तिथेच थांबवलं.

"नकाशात सात आहेत," ती म्हणाली.



"आठवी माझ्या नवऱ्याने घातली," आत्या म्हणाली. "ती नकाशात नाही. वरून वाकून मोजायची म्हटलं तर आत काळोख आणि पाणी. ती मला माहीत, मेलेल्या माणसाला माहीत, आणि ज्याने काल शेवटपर्यंत सगळ्या फळ्या उपसल्या त्याला माहीत."

मुकादम बांधावर मटकन बसला. मग बुटाच्या टोकाने माती उकरत म्हणाला, "थोडाच गाळ सोडणार होतो. वरचा वरचा. पण खालची फळी सुटली आणि मग... थांबवताच येईना."

"थांबणार कसा?" आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "वर्षाचा कंटाळा साठला होता तो."

६

बारा वाजता सही झाली नाही. तपासनीस बाईने अहवाल फाडला आणि बांधावर बसून नवा लिहायला घेतला. खाणीची धुलाई बंद, तळं नीट साफ होईपर्यंत. ओढ्यातला गाळ खाणीने काढायचा, मासेवालीचे पिंजरे नव्या पिल्लांनी भरून द्यायचे. मुकादमाचं काय करायचं ते मालक आल्यावर. पंपवाल्याचं नाव एकाच ठिकाणी आलं, तेही काठी खोचायची पद्धत सगळ्या खाणींनी उचलावी म्हणून.

तोवर जावई हौदात उतरून कंबरभर चिखलात उभा होता. आत्या काठावरून हुकूम सोडत होती.

"डावीकडे. अजून. खडक लागला पायाला? आता खाच त्याच्यावर. दाबा. अहो दाबा म्हटलं, गोंजारता काय!"

फळी खाली बसल्याचा बोदा आवाज आला. मग एकेक करून बाकीच्या सात. नळाच्या तोंडातली तपकिरी धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली.

मासेवाली चराकडे बघत म्हणाली, "उद्या निवळेल ओढा."

"परवा," आत्या म्हणाली. "तुझं नेहमीच घाईचं."

तपासनीस बाईने नकाशा तिच्यापुढे धरला. "आत्या, हा दुरुस्त करायला हवा. सुधारणा कुणी सांगितली त्याची सही लागते. तुम्ही कराल?"

आत्याने हात पदराला पुसले. "सही नाही येत मला. आकडा येतो."

तिने पेन घेतलं, मुठीत धरावं तसं धरलं. हौदाजवळचा सात खोडला आणि शेजारी सावकाश, जीभ दातांखाली धरून, आठ काढला. जरा वाकडा आला. ती नकाशा लांब धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"राहू द्या असाच," ती म्हणाली. "त्याची फळी पण वाकडीच कापलेली होती. बसली मात्र बरोबर."